व्हीटनच्या परसातली डिश

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओचा काटा एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनकडे नेताना मध्ये जी खरखर लागते, ती तुमच्या-माझ्यासारखा माणूस ऐकत नाही. तो काटा पुढे सरकवतो. पण जगात एक जमात अशी आहे, की जी त्या खरखरीतच कान घालून बसते. हे हौशी रेडिओवाले, म्हणजेच हॅम. आपल्याकडेही ते आहेत. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारी कॉल साइन मिळवायची, आणि मग स्वतः जोडलेल्या यंत्रावरून जगाच्या पाठीवर कोण उत्तर देते ते शोधत रात्री जागायच्या. यातून पैसा मिळत नाही. घरच्यांची बोलणी मात्र मिळतात.

अशाच एका हॅमची ही गोष्ट आहे. त्याचे नाव ग्रोट रेबर, कॉल साइन डब्ल्यू ९ जीएफझेड. अमेरिकेतील शिकागो शहराच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर व्हीटन नावाचे गाव आहे, तिथे तो राहत असे. १९११ सालचा जन्म. किशोरवयातच त्याने हॅमचा परवाना मिळवला आणि साठाहून अधिक देशांतील हॅमशी बोलून झाल्यावर त्याला प्रश्न पडला, की आता पुढे काय? १९३३मध्ये तो विजेच्या शास्त्रातला इंजिनिअर झाला आणि शिकागोतील रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यांत नोकरी करू लागला.

त्याच साली बातमी आली, की बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरने आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरी पकडल्या आहेत. जान्स्की काही तारे बघायला बसलेला नव्हता. अटलांटिकपलीकडे रेडिओमार्गे टेलिफोन जोडायचा होता आणि त्यात खरखर कुठून येते एवढेच त्याला शोधायचे होते. न्यू जर्सीतील होमडेल इथे त्याने लाकूड आणि पितळी नळ्यांची एक लांबलचक अँटेना उभारली, तिला मोटारीची चाके लावली आणि ती गोल फिरत ठेवली. २०.५ मेगाहर्ट्झवर त्याला तीन प्रकारची खरखर सापडली. जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची, आणि एक बारीक, सतत चालणारी सळसळ. ही सळसळ रोज चार मिनिटे लवकर जोरावर येई. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात हे पंचांग पाहणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे ही सळसळ पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. १९३३च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. आणि मग काहीच झाले नाही. कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते, तिने जान्स्कीला दुसऱ्या कामाला लावले. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओतले कळत नव्हते, रेडिओ इंजिनिअरांना ताऱ्यांचे काय करायचे ते कळत नव्हते.

रेबरने जान्स्कीच्या हाताखाली काम करायची खटपट केली, पण तो मंदीचा काळ होता, जागा नव्हती. तेव्हा त्याने ठरवले, की हे आपणच करायचे. कुठल्या विद्यापीठाची मदत नाही, कुणाचे अनुदान नाही. १९३७च्या उन्हाळ्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आईच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्याने काम सुरू केले.

त्याला हवी होती अंतर्वक्र डिश. आज गच्चीगच्चीवर दिसणाऱ्या छत्रीची ही पणजी म्हणायला हरकत नाही, पण हिचा व्यास ३१ फूट होता! लाकडी वासे त्याने परवलयाच्या आकारात कापून घेतले. असे बहात्तर वासे. त्यांवर जस्ती पत्र्याचे पंचेचाळीस तुकडे स्क्रूने बसवले. डिशच्या वर वीस फुटांवर, जिथे सगळ्या लहरी एकत्र येतात तिथे, पिंपासारख्या डब्यात रिसिव्हरची सुरुवात. वजन दोन टनांच्या आसपास. डिश वर-खाली हलवायला जुन्या फोर्ड गाडीचे भाग वापरले होते. डावी-उजवीकडे ती वळत नसे, कारण ते काम पृथ्वी फुकटात करत होती. डिश एका उंचीवर रोखून ठेवायची आणि चोवीस तासांत आकाशाचा तेवढा पट्टा आपोआप समोरून जाऊ द्यायचा. जूनमध्ये सुरू झालेले काम सप्टेंबरात पुरे झाले, आणि त्यातले बहुतेक त्याने आपल्याच हातांनी केले.

गावात काय चर्चा झाली असेल याची कल्पना करा. पाऊस पडला की डिशच्या मध्यभागी ठेवलेल्या भोकातून पाण्याचा लोंढा खाली येई, तेव्हा लोकांनी अंदाज बांधला की हे पाणी साठवायचे किंवा पाऊस पाडायचे यंत्र असावे. सकाळी ऊन पडले आणि संध्याकाळी उतरले की पत्रा ताणला-आकसला जाऊन कडाकड वाजे. शाळेतली पोरे तिच्यावर चढत. वरून जाणारी लहान विमाने वाट वाकडी करून घिरट्या घालून जात. आईला मात्र त्या सांगाड्याचा एक सरळ उपयोग दिसला. तिने तिथे धुणे वाळत घातले. या बाईंविषयी आणखी एक सांगायला हवे. लग्नापूर्वी त्या याच गावात शिक्षिका होत्या आणि त्यांच्या वर्गात एडविन हबल नावाचा एक मुलगा होता. आकाशगंगेपलीकडे दुसऱ्या दीर्घिका आहेत आणि त्या आपल्यापासून दूर पळत आहेत, हे पुढे जगाला दाखवणारा तोच हबल. एकाच घराला हे दोन धागे लागावेत ही गंमत आहे.

आता खरी अडचण सुरू होते. डिश झाली, पण ऐकायचे कुठल्या वारंवारतेवर? रेबरने पाठ्यपुस्तकातला हिशोब केला. तापलेल्या वस्तूतून येणारी रेडिओलहर वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जान्स्कीने २०.५ मेगाहर्ट्झवर सळसळ ऐकली. आपण त्याच्या १६० पट, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झवर गेलो, तर सिग्नल पंचवीस हजारपटींहून अधिक मोठा मिळायला हवा. शिवाय लहर जितकी आखूड, तितकी डिशची नजर तीक्ष्ण. हिशोबात कुठे चूक नव्हती.

पण ३३०० मेगाहर्ट्झ म्हणजे नऊ सेंटिमीटरची लहर. आपण जिला आज मायक्रोवेव्ह म्हणतो ती. आज घराघरातल्या वायफायची लहरही साधारण एवढीच आखूड असते, पण १९३७-३८मध्ये या लहरींसाठी बाजारात काही मिळतच नव्हते. रडार अजून बाल्यावस्थेत होते. साध्या रेडिओचे व्हॉल्व्ह इथे मुके होतात, कारण व्हॉल्व्हच्या आत इलेक्ट्रॉन एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर पोहोचेपर्यंत लहर उलटून गेलेली असते. तारेचा अर्धा इंच जास्तीचा तुकडासुद्धा इथे अँटेनासारखा वागतो. रेबरने सगळे भाग घरच्या तळघरात घडवले, डिशच्या तोंडाशी चढवले आणि १९३८मध्ये ऐकायला बसला.

काहीही आले नाही. आकाशगंगेकडे रोखली, तेजस्वी ताऱ्यांकडे रोखली, ग्रहांकडे रोखली. शून्य.

इथे थोडे थांबून, न येणाऱ्या सिग्नलचे दुखणे काय असते ते सांगितले पाहिजे. हॅम मंडळी डोंगरमाथ्यावर रिपीटर लावतात. हातातल्या छोट्या सेटची ताकद चार-पाच वॅट, मध्ये टेकडी आली की आवाज तुटतो. रिपीटर उंचावर बसून एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच शब्द दुसऱ्या वारंवारतेवर जोरात बोलतो. १४४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यात या दोन वारंवारतांत बहुधा अवघे ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. स्वतः ओरडत असताना शेजारची कुजबुज ऐकायची, असे हे काम. त्यासाठी डुप्लेक्सर नावाच्या धातूच्या नळकांड्यांची जोडणी असते, ती बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवते. ती जोडणी बिघडली, केबलमध्ये पावसाचे पाणी गेले, कुठे सांधा गंजला, की रिपीटर बहिरा होतो. बोलतो झकास, ऐकत काही नाही. मग दुरुस्तीला गेलेला माणूस काय करतो? अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड लावतो, म्हणजे लहर बाहेर न सोडता नुसती तापणारी एक रोधक पेटी. मग रिसिव्हरला छोट्या यंत्रातून अगदी क्षीण, कृत्रिम सिग्नल देतो. आता नीट ऐकू आले तर दोष वरच्या केबलीत किंवा अँटेनात, अजूनही बहिरा असेल तर दोष खालच्या पेटीत. असे एकेक पायरी तोडत जायचे.

या माणसाला एक दिलासा असतो. टेकडीच्या पलीकडे कुणीतरी खरोखर बोलत आहे हे त्याला ठाऊक असते. रेबरला तो दिलासा नव्हता. कृत्रिम सिग्नलने त्याला एवढेच कळू शकत होते, की यंत्र चालू आहे. पण पुरेसे तिखट कानाचे आहे का? की आकाशातच या वारंवारतेवर काही नाही? दोन्हींचे उत्तर काट्यावर सारखेच दिसते, हललेलाच नाही असा काटा.

दुसऱ्या कुणी इथे जान्स्कीचेच चुकले असे म्हटले असते, किंवा डिश भंगारात काढली असती. रेबरने वारंवारता खाली आणली. ९१० मेगाहर्ट्झसाठी नवा रिसिव्हर बांधला. हा पहिल्यापेक्षा बराच संवेदनशील होता. पुन्हा महिन्यांमागून महिने गेले, पुन्हा शून्य. आता मात्र शून्याचा अर्थ बदलला. दोनदा, दोन वेगळ्या यंत्रांनी, दोन वेगळ्या वारंवारतांवर काही मिळत नसेल आणि जान्स्कीचे निरीक्षण खरे असेल, तर पाठ्यपुस्तकातला तापलेल्या वस्तूचा नियमच इथे लागू नसावा. कदाचित ही सळसळ वर जाताना वाढत नाही, उलट कमी होते. माझ्या मते रेबरचे मोठेपण डिश बांधण्यात जेवढे आहे, तेवढेच या वाक्यापर्यंत पोहोचण्यात आहे. शून्य आलेले दोन रिसिव्हर त्याने अपयश म्हणून बाजूला टाकले नाहीत, त्यांना मोजमाप मानले.

तिसरा रिसिव्हर १६० मेगाहर्ट्झचा. म्हणजे आजच्या हॅमच्या दोन मीटर पट्ट्याच्या शेजारचाच. इथे ओकच्या फळाच्या आकाराचे, म्हणून एकॉर्न म्हटले जाणारे इवलेसे व्हॉल्व्ह उपयोगी पडत होते. १९३९च्या वसंतात काटा हलला. आकाशगंगा डोक्यावरून जाताना तो वर चढे आणि ती गेली की खाली येई.

त्याची दिनचर्या पाहण्यासारखी होती. दिवसा आगगाडीने शिकागोला जाऊन नोकरी. संध्याकाळी परत येऊन जेवण आणि झोप. मध्यरात्री उठून सकाळी सहापर्यंत निरीक्षण, कारण दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या स्पार्क प्लगची तडतड रिसिव्हर भरून टाकत असे. आपोआप आलेख काढणारे यंत्र सुरुवातीला नव्हते, म्हणून मिनिटामिनिटाला काट्याचा आकडा हाताने वहीत लिहायचा. सुट्टीच्या दिवशी त्या आकड्यांचे आलेख काढायचे.

१९४०मध्ये त्याचे निष्कर्ष आधी रेडिओ इंजिनिअरांच्या नियतकालिकात आणि मग अॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये छापून आले. या जर्नलचे संपादक ओटो श्ट्रूव्ह यर्कीज वेधशाळेचे प्रमुख होते. विद्यापीठाचा पत्ता नसलेल्या माणसाने परसातल्या यंत्राने आकाशाचे मोजमाप केले, हे कुणाच्या पचनी पडावे? यर्कीजचे खगोलशास्त्रज्ञ व्हीटनला येऊन यंत्र डोळ्यांनी पाहून गेले. लेख छापण्याचे श्रेय श्ट्रूव्ह यांना द्यायला हवे. १९४४मध्ये रेबरने १६० मेगाहर्ट्झवरचा आकाशाचा नकाशाच प्रसिद्ध केला. डोंगरांच्या नकाशात उंचीच्या रेषा असतात तशा रेडिओतीव्रतेच्या रेषा. धनु राशीच्या दिशेला, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राकडे, सर्वांत मोठे शिखर, आणि हंस व शर्मिष्ठा या तारकासमूहांकडे आणखी दोन उंचवटे. त्या वेळी त्याच्या डिशची नजर सुमारे बारा अंश रुंद होती, म्हणजे चोवीस पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढी. तरी पुढच्या काळाने नकाशा खरा ठरवला.

त्या लेखात सूर्यापासून आलेल्या रेडिओलहरींचीही नोंद होती. त्या आधी, फेब्रुवारी १९४२मध्ये, ब्रिटनच्या रडारांवर अचानक गोंगाट सुरू झाला होता आणि जर्मन मुद्दाम अडथळा आणत आहेत असे वाटले होते. जे. एस. हे यांनी दिशा तपासल्या तेव्हा गोंगाट सूर्याबरोबर सरकताना दिसला. पण युद्धामुळे ते गुप्त राहिले.

ही सळसळ मुळात होते कशामुळे? १९५०च्या सुमारास उत्तर मिळाले. प्रकाशाच्या वेगाजवळ पळणारे इलेक्ट्रॉन आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि त्यातून रेडिओलहरी निघतात. अशा लहरी खालच्या वारंवारतेवर जास्त आणि वरच्या वारंवारतेवर कमी जोरदार असतात. म्हणजे ३३०० आणि ९१०चे ते दोन मुके रिसिव्हर खोटे बोलत नव्हते.

रेबरच्या लेखाची एक प्रत युद्धाच्या काळातच हॉलंडमध्ये पोहोचली. देश जर्मनांच्या ताब्यात होता, पण लायडनच्या यान ऊर्ट यांनी तो वाचला आणि आपला विद्यार्थी व्हान डी हुल्स्ट याला विचारले, की रेडिओत एखादी ठरावीक वारंवारतेची रेषा मिळेल का? १९४४मध्ये त्याने सांगितले, की हायड्रोजनची रेषा एकवीस सेंटिमीटरवर मिळायला हवी. युद्ध संपल्यावर डचांनी जर्मनांनी मागे टाकलेली रडारची डिश यासाठी लावली, पण १९५०मध्ये आग लागून त्यांचा रिसिव्हर जळाला. तेवढ्यात हार्वर्डमध्ये हॅरोल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्लायवूडचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला कर्णा खिडकीबाहेर बसवला. पावसाचे पाणी त्या कर्ण्यातून थेट प्रयोगशाळेत येई आणि विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकत. त्या कर्ण्याने २५ मार्च १९५१ रोजी हायड्रोजन ऐकला. डचांनाही तो मिळाला, पण मे महिन्यात.

याच रेषेला ऑस्ट्रेलियातून दुजोरा देणाऱ्यांत क्रिस्टियनसेन होते. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्य पाहण्यासाठी त्यांनी छोट्या डिशांची रांग उभारली होती. १९५३ ते ५५ या काळात तिथे काम करायला एक भारतीय तरुण गेला होता, गोविंद स्वरूप. त्या डिशा पुढे निकामी झाल्या तेव्हा त्या भारताला मिळाव्यात अशी खटपट झाली, आणि सुमारे सहा फुटांच्या अशा बत्तीस डिशा जहाजाने इकडे आल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतलेल्या स्वरूप यांनी त्या १९६५मध्ये आपल्या कल्याणला उभ्या केल्या आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचे वेध घेतले. लोकलने कल्याणला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? पुढे उटी झाले, आणि नंतर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांची जीएमआरटी. जुन्नर परिसरातले डोंगर शहरांचा रेडिओगोंगाट अडवतात, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. रेबर मोटारी झोपायची वाट पाहत असे, इथे मोबाइल फोनवर लक्ष ठेवावे लागते. जीएमआरटीच्या मूळ पाच पट्ट्यांत एक दीडशे मेगाहर्ट्झचा आहे, रेबरच्या तिसऱ्या रिसिव्हरच्या जवळचा, आणि एक ६१०चा, कल्याणचा.

खुद्द रेबर मात्र गर्दी झाली तशी तिथून निघाला. १९४७मध्ये त्याने डिश अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेला विकली. सगळे जग वरच्या वारंवारतांकडे धावू लागले तेव्हा हा उलट खाली गेला. १९५४मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटावर पोहोचला आणि बॉथवेल गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणात खांबांवर तारा ताणून दोन मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश ऐकू लागला. इतक्या खालच्या लहरी एरवी वातावरणाचा वरचा थर परतवून लावतो. सूर्य शांत असलेल्या काळात त्या अक्षांशावर रात्री हा थर विरळ होतो, तेवढी फट त्याला पुरत होती. १९६२मध्ये खगोलशास्त्रातले मानाचे ब्रूस पदक त्याला मिळाले. तरी तो सर्वांच्या सुरात सूर मिळवणारा झाला नाही. विश्व महास्फोटातून जन्मले हे त्याने शेवटपर्यंत मानले नाही आणि त्यावर लेखही लिहिले. खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही, आणि पुरावा पाहता पटण्यासारखे नव्हतेच. ज्या दोघांनी १९६४-६५मध्ये मायक्रोवेव्ह कर्ण्यात बसलेली कबुतरे हाकलून, त्यांची विष्ठा खरवडूनही न जाणारी खरखर पकडली आणि महास्फोटाची ऊब सापडल्याबद्दल १९७८चे नोबेल मिळवले, ते पेन्झियास आणि विल्सन जान्स्कीच्याच होमडेलचे. यंत्राचा दोष की आकाशाचा आवाज, हा प्रश्न त्यांनाही सोडवावा लागला होता.

२० डिसेंबर २००२ रोजी, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, टास्मानियात रेबरचे निधन झाले. व्हीटनची डिश आज पश्चिम व्हर्जिनियातील ग्रीन बँक वेधशाळेच्या आवारात उभी आहे. १९६०च्या सुमारास ती तिथे पुन्हा जोडली तेव्हा रेबर स्वतः देखरेखीला होता, आणि या वेळी तिला डावी-उजवीकडे फिरणारे चाकही मिळाले. त्याची डब्ल्यू ९ जीएफझेड ही कॉल साइन अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेच्या हॅम क्लबने पुढे आपल्याकडे घेतली.